प्लेगच्या जंतूचे नाव : सूक्ष्मजीवांचे वर्गीकरण, नामकरण आणि ओळखनिश्चिती यांचा एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

सूक्ष्मजीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत वर्गीकरण, नामकरण आणि ओळखनिश्चिती ही तीन कार्ये बहुधा एकाच प्रकरणात शिकवली जातात. साम्य-भेदांच्या आधारे जीवांचे गट पाडणे म्हणजे वर्गीकरण. त्या गटांना सर्वमान्य नियमांनुसार नावे देणे म्हणजे नामकरण. एखादा अज्ञात जंतू हाती आला असता तो पूर्वी ज्ञात असलेल्या कोणत्या गटातील आहे हे ठरवणे म्हणजे ओळखनिश्चिती. या व्याख्या क्रमाने वाचल्या म्हणजे ही कार्येही त्याच क्रमाने, एकमेकांस पूरक होत घडत आली असावीत असा समज होतो. आधी नाते समजले, मग नाव दिले गेले आणि त्या नावाने पुढे ओळख पटू लागली, असे हे चित्र असते.

इतिहास मात्र इतका सरळ नाही. या तीन कार्यांची उद्दिष्टे भिन्न आहेत आणि काही प्रसंगी ती परस्परविरोधी ठरलेली आहेत. वर्गीकरणाला सत्य नाते हवे असते, त्यामुळे नवे ज्ञान हाती येताच ते बदलते. नामकरणाला स्थैर्य हवे असते, कारण वारंवार बदलणारे नाव संवादाच्या उपयोगाचे राहत नाही. ओळखनिश्चितीला तत्परता हवी असते, कारण तिच्या निकालाची वाट रुग्ण पाहत असतो. या तिन्हींमधील ताण ज्या एका जंतूच्या इतिहासात अत्यंत स्पष्टपणे दिसतो तो म्हणजे प्लेगचा जंतू, येर्सिनिया पेस्टिस. हा इतिहास हाँगकाँगमध्ये सुरू होतो, मुंबई-पुण्यातून जातो आणि बीड-सुरतेपर्यंत येऊन पोहोचतो. त्याचा मागोवा घेऊन सूक्ष्मजीवांच्या नावाचे नेमके प्रयोजन काय, या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखात द्विनाम पद्धतीतील पहिल्या नावाने दर्शवल्या जाणाऱ्या गटासाठी 'प्रजाती' आणि दोन्ही नावे मिळून दर्शवल्या जाणाऱ्या गटासाठी 'जाती' हे शब्द योजले आहेत.

२. सूक्ष्मजीवांना वर्गीकरणात स्थान मिळेपर्यंत

डेल्फ्ट येथील कापडव्यापारी अँटनी व्हान लेवेनहूक यांनी ९ ऑक्टोबर १६७६ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांचे वर्णन केले. हे जीव त्यांनी पाहिले, मोजले, रेखाटले. परंतु त्यांचे वर्गीकरण केले नाही. पुढे सुमारे शतकभर ते कोणालाच साधले नाही. सजीवांच्या द्विनाम पद्धतीचे प्रवर्तक कार्ल लिनियस यांनी आपल्या 'सिस्टिमा नॅचुरे' या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत (१७६७) सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या बहुतेक जीवांना कृमींच्या वर्गातील एकाच प्रजातीत बसवले आणि तिला 'केऑस' म्हणजे गोंधळ असे नाव दिले. या क्षेत्रातील ज्ञानाची तत्कालीन अवस्था त्या एका नावातून पुरेशी व्यक्त होते.

डेन्मार्कचे ओटो फ्रीडरिक म्यूलर यांचा या जीवांवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १७८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी योजलेले 'व्हिब्रिओ' हे नाव आजही पटकीच्या जंतूच्या नावात टिकून आहे. जर्मन संशोधक एरनबर्ग यांनी १८२८ मध्ये 'बॅक्टेरियम' हे नाव वापरले. तथापि जीवाणूंच्या वर्गीकरणाचा खरा पाया घातला तो ब्रेस्लाऊ येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फर्डिनांड कोन यांनी. १८७२ मध्ये त्यांनी आकारावरून जीवाणूंचे चार गट आणि सहा प्रजाती मांडल्या. गोल, दंडाकार, नागमोडी अशा आकारभेदांवर आधारलेली ही पद्धती होती. केवळ आकार पुरेसा नाही याची जाणीव स्वतः कोन यांनाही होती. एकाच आकाराचे दोन जंतू गुणधर्मांनी पूर्णतः भिन्न असू शकतात, हे त्यांनी मान्य केले होते.

कोन यांच्यापुढील मोठा प्रश्न आकाराचा नसून जातींच्या अस्तित्वाचाच होता. जीवाणूंना स्थिर जाती नसतात, परिस्थितीनुसार एकच जीव नाना रूपे धारण करतो, असे मत कार्ल फॉन नेगेली यांच्यासारखे मान्यवर शास्त्रज्ञ मांडत होते. हे मत खरे ठरते तर जीवाणूंना जातीची नावे देणेच निरर्थक ठरले असते. या मताला उत्तर मिळाले ते तर्काने नव्हे, तंत्राने. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये घन माध्यमावर शुद्ध संवर्धन करण्याची पद्धत दाखवली. कॉख यांच्या प्रयोगशाळेतील वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून जिलेटिनऐवजी अगार वापरात आले, आणि १८८७ मध्ये पेट्री यांची झाकणाची बशी आली. एका पेशीपासून वाढलेली वसाहत पिढ्यान् पिढ्या तेच गुणधर्म दाखवते, हे आता कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले. १८८४ मध्ये हान्स क्रिश्चन ग्रॅम यांनी रंजनाची जी पद्धत दिली, तिने जीवाणूंचे ग्रॅम-धन आणि ग्रॅम-ऋण असे दोन मोठे विभाग पडले. प्लेगच्या जंतूचा शोध लागला तेव्हा ओळखनिश्चितीची एवढी साधने सिद्ध होती.

३. हाँगकाँग, १८९४ : एका जंतूची दोन वर्णने

१८९४ च्या उन्हाळ्यात हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ पसरली असता दोन संशोधक तेथे स्वतंत्रपणे पोहोचले. कॉख यांचे शिष्य शिबासाबुरो कितासातो हे जपान सरकारच्या वतीने, तर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकलेले अलेक्झांडर येर्सिन हे फ्रेंच सरकारच्या वतीने आले होते. दोघांनीही जून महिन्यात काही दिवसांच्या अंतराने जंतू सापडल्याचे जाहीर केले. मात्र दोघांची वर्णने जुळत नव्हती. येर्सिन यांचा जंतू ग्रॅम-ऋण होता. कितासातो यांनी ग्रॅम रंजनाबाबत प्रारंभी निश्चित विधान केले नाही व पुढे वेगळा निष्कर्ष दिला. जंतूला किंचित हालचाल असल्याचेही त्यांनी नोंदवले. वस्तुतः प्लेगचा जंतू निश्चल असतो.

या विसंगतीचे जे स्पष्टीकरण नंतरच्या अभ्यासकांनी दिले ते उद्‌बोधक आहे. प्लेगचा जंतू सुमारे २८ अंश सेल्सियस तापमानाला उत्तम वाढतो. कितासातो यांच्या सुसज्ज प्रयोगशाळेत मानवी शरीराच्या तापमानाला ठेवलेली उबवणपेटी होती, आणि त्या तापमानाला न्युमोनियाच्या जंतूसारखे अन्य जंतू अधिक जोमाने वाढतात. त्यामुळे त्यांच्या संवर्धनांत भेसळ झाली असावी. येर्सिन यांच्याजवळ अशी पेटी नव्हती. त्यांची संवर्धने भोवतालच्या हवेच्या तापमानाला वाढली. साधनांचा अभाव येथे उपकारक ठरला. जंतूचे श्रेय दोघांपैकी कोणाकडे जाते हा प्रश्न पुढे त्याच्या नावाशी निगडित झाला, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

४. मुंबई, १८९६ : ओळखीला आलेले सामाजिक मोल

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगास या मूळ गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. हे निदान प्रथमतः लक्षणांवर आधारलेले होते. पुढे जंतूच्या तपासणीने त्यास पुष्टी मिळाली. मराठीत या रोगासाठी 'गाठीचा ताप', 'ग्रंथिक सन्निपात' अशी नावे रूढ झाली. ही नावे लक्षणवाचक होती. काख-जांघेतील गाठ हीच सामान्य माणसाच्या दृष्टीने रोगाची ओळख होती. प्रशासनाच्या तपासणी पथकांचा भरही प्रत्यक्षात त्याच खुणेवर राहिला.

ओळखीच्या या प्रश्नाला किती मोठी किंमत होती हे त्यानंतरच्या घटनांवरून दिसते. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. घरोघर झडत्या, रुग्णांचे सक्तीने विलगीकरण, सामानाची जाळपोळ हे सर्व 'हा प्लेग आहे' या एका निर्णयावर अवलंबून होते. पुण्यातील प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. त्याच वर्षी २२ जून रोजी पुण्याचे प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. पुढील तीन-चार दशकांत या रोगाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले.

प्रयोगशाळेतील ओळखीच्या दृष्टीनेही मुंबईचे योगदान उल्लेखनीय आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत काम सुरू केले आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतः तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. लसीसाठी मांसरसात जंतू वाढवताना त्यांनी पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जंतू या थेंबांना धरून खाली लोंबणाऱ्या झुंबरासारखे वाढतात, आणि रस किंचित हलताच ती लोंबकळणारी वाढ तुटून तळाशी बसते. ही वाढ प्लेगच्या जंतूची खूण म्हणून हाफकिन यांनी पुढे मांडली. जंतूचे नाते कोणाशी आहे, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. तरीही त्याची खात्रीलायक ओळख पटवण्याची एक रीत भारतीय स्वयंपाकघरातील पदार्थाच्या साहाय्याने सिद्ध झाली. वर्गीकरण अपूर्ण असतानाही ओळखनिश्चिती पुढे जाऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले.

५. एक जंतू, चार नावे

मुंबईत साथ सुरू झाली त्याच वर्षी, म्हणजे १८९६ मध्ये, जर्मनीतील लेमान आणि नॉयमान यांनी आपल्या जीवाणूशास्त्रावरील ग्रंथात या जंतूला 'बॅक्टेरियम पेस्टिस' असे नाव दिले. 'पेस्टिस' हा महामारीवाचक लॅटिन शब्द या जंतूच्या नावात तेव्हापासून कायम आहे. बदलत राहिले ते प्रजातीचे नाव. १९०० मध्ये मिगुला यांनी त्यास 'बॅसिलस' प्रजातीत नेले. पुढे कोंबड्यांचा कॉलरा व तत्सम प्राणिरोग घडवणाऱ्या जंतूंशी असलेल्या साम्यामुळे, आणि रंजनानंतर पेशीची दोन्ही टोके गडद दिसतात या वैशिष्ट्यामुळे, त्याची गणना पाश्चर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'पाश्चुरेला' प्रजातीत होऊ लागली. १९२३ मध्ये अमेरिकन जीवाणूशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या वतीने डेव्हिड बर्गी यांच्या नेतृत्वाखाली जो सुप्रसिद्ध संदर्भग्रंथ निघाला, त्यातही 'पाश्चुरेला पेस्टिस' हेच नाव होते. पुढील सुमारे चाळीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयांत हेच नाव शिकवले गेले.

१९४४ मध्ये डच जीवाणूशास्त्रज्ञ व्हान लोखेम यांनी प्लेगचा जंतू आणि त्याचा निकटचा आप्त 'स्यूडोट्युबरक्युलोसिस' हा जंतू यांना पाश्चुरेलातून वेगळे काढले आणि येर्सिन यांच्या सन्मानार्थ 'येर्सिनिया' ही नवी प्रजाती प्रस्तावित केली. हाँगकाँगमधील श्रेयाचा प्रश्न अशा रीतीने नामकरणाच्या पातळीवर येर्सिन यांच्या बाजूने सुटला. परंतु हे नाव लगेच रूढ झाले नाही. १९६० च्या दशकात आतड्याच्या जीवाणूंच्या कुलाशी या गटाचे नाते अधिक स्पष्ट झाल्यावर ते स्थिरावले. म्हणजे सत्तर वर्षांत या एका जंतूने चार नावे धारण केली. जंतू तोच होता आणि रोगही तोच होता. बदलले होते ते संशोधकांचे साम्यविषयक आकलन.

६. संहिता आणि १९८० ची नवी सुरुवात

हा गोंधळ केवळ प्लेगच्या जंतूपुरता नव्हता. एकाच जंतूला अनेक नावे आणि एकाच नावाखाली अनेक जंतू अशी स्थिती सर्वत्र होती. १९३० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र परिषदेत नामकरणासाठी आयोग नेमला गेला. १९४७ मध्ये कोपनहेगन येथील परिषदेत जीवाणूंच्या नामकरणाची संहिता मान्य झाली. तोवर या जीवांना प्रामुख्याने वनस्पतिशास्त्राचे नियम लावले जात होते आणि ज्येष्ठतेसाठी लिनियस यांच्या १७५३ मधील ग्रंथापर्यंत मागे जावे लागत असे. जुन्या अपुऱ्या वर्णनांवरून, ज्यांचे नमुने कधीच नष्ट झाले होते अशा जंतूंची हजारो नावे त्यामुळे जिवंत राहत.

या अडचणीवर जीवाणूशास्त्रज्ञांनी योजलेला उपाय धाडसी होता. त्यांनी १ जानेवारी १९८० ही नवी आरंभतिथी ठरवली. स्करमन, मॅकगोवन आणि स्नीथ यांनी संपादित केलेल्या मान्य नावांच्या याद्या त्याच महिन्यात प्रसिद्ध झाल्या. त्यांत सुमारे २,३०० नावे होती. यादीत नसलेल्या जुन्या नावांचे नियमातील स्थान संपुष्टात आले. प्राणिशास्त्राला किंवा वनस्पतिशास्त्राला असा निर्णय घेणे शक्य झालेले नाही. यादीत 'येर्सिनिया पेस्टिस' हे नाव होते.

संहितेची दोन तत्त्वे येथे विशेष महत्त्वाची आहेत. पहिले असे की, प्रत्येक जातीचे नाव एका विशिष्ट 'प्ररूप' वाणाला बांधलेले असते. वर्गीकरण कितीही बदलले तरी तो वाण जेथे जाईल तेथे नाव जाते. १ जानेवारी २००१ पासून नव्या जातीचा प्ररूप वाण निरनिराळ्या देशांतील किमान दोन सार्वजनिक संग्रहांत ठेवणे बंधनकारक झाले. भारतात चंडीगढ येथील तसेच पुण्यातील राष्ट्रीय संग्रह या दृष्टीने मोलाचे कार्य करतात. दुसरे तत्त्व असे की, नावाचे मुख्य प्रयोजन त्या जीवाचा निर्देश करणे हे आहे. त्याचे गुणधर्म किंवा इतिहास सांगणे हे नव्हे. या दुसऱ्या तत्त्वाची कसोटी संहिता नवी असतानाच, आणि तीही प्लेगच्या जंतूच्या निमित्ताने लागली.

७. सत्य नाते की सुरक्षित नाव? १९८०-१९८५ चा वाद

मान्य याद्या प्रसिद्ध झाल्या त्याच वर्षी बेर्कोव्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए संकरणाच्या पद्धतीने येर्सिनिया प्रजातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन जंतूंच्या डीएनएचे धागे वेगळे करून ते एकमेकांशी किती प्रमाणात जुळतात हे या पद्धतीत मोजले जाते. पुढे १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ७० टक्के वा अधिक जुळणी हा एकाच जातीचा निकष म्हणून सुचवला. प्लेगचा जंतू आणि 'येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस' यांच्यातील जुळणी त्या निकषाहून बरीच अधिक आढळली. वर्गीकरणाच्या दृष्टीने हे दोन जंतू एकाच जातीचे होते.

आता नियमाचा प्रश्न उभा राहिला. स्यूडोट्युबरक्युलोसिस हे नाव १८८९ मधील, तर पेस्टिस हे १८९६ मधील. ज्येष्ठतेच्या नियमाने जुने नाव टिकते. त्यानुसार प्लेगच्या जंतूस 'येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस, उपजाती पेस्टिस' असे नाव देण्यात आले आणि १९८१ मध्ये ते विधिवत प्रसिद्ध झाले. विज्ञान आणि नियम या दोन्ही दृष्टींनी यात दोष नव्हता.

दोष होता तो परिणामांत. स्यूडोट्युबरक्युलोसिसचा जंतू दूषित अन्न-पाण्यातून पोटात जातो आणि बहुधा आंत्रपुच्छदाहासारख्या लक्षणांचा, आपोआप बरा होणारा आजार घडवतो. गाठीच्या प्लेगमध्ये उपचार न झाल्यास ३० ते ६० टक्के रुग्ण दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये उपचाराविना मृत्यू जवळजवळ अटळ असतो. प्रयोगशाळेच्या अहवालात लांबलचक नावाचा शेवटचा शब्द गळाला, किंवा घाईत वाचणाऱ्याने पहिले दोनच शब्द वाचले, तर मारक रोगाचा जंतू सौम्य रोगाचा म्हणून हाताळला जाण्याचा धोका होता. प्रयोगशाळेतील कर्मचारी, रुग्णाचे आप्त आणि परिचारिका या सर्वांच्या जिवाशी हा प्रश्न निगडित होता. १९८४ मध्ये विल्यम्स यांनी हे नवे नाव फेटाळावे असा रीतसर प्रस्ताव मांडला.

१९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीच्या न्यायिक आयोगाने आपल्या साठाव्या अभिमताद्वारे नवे नाव फेटाळले आणि 'येर्सिनिया पेस्टिस' हे नाव प्लेगच्या जंतूसाठी जतन केले. संहितेत अशा नावांसाठी 'धोकादायक नाव' अशी स्वतंत्र संज्ञा आहे. ज्या नावाच्या वापराने आरोग्यास किंवा जीवितास अपाय होण्याची अथवा गंभीर आर्थिक हानी होण्याची शक्यता असते, असे नाव फेटाळण्याचा अधिकार आयोगास आहे.

या निर्णयाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. डीएनएच्या पुराव्याला आयोगाने आव्हान दिले नाही. दोन जंतूंचे नाते जवळचे नाही, असेही म्हटले नाही. वर्गीकरणाचा निष्कर्ष अबाधित ठेवून नाव मात्र त्या निष्कर्षानुसार बदलू नये, एवढेच ठरवले गेले. वर्गीकरण आणि नामकरण ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, हे तत्त्व येथे व्यवहारात सिद्ध झाले. शिगेला आणि ई. कोलाय यांच्या बाबतीतही असेच घडले आहे. डीएनएच्या दृष्टीने ते एकाच जातीत मोडतात, तरीही रक्ती आमांशाच्या जंतूचे वेगळे नाव वैद्यकीय सोयीसाठी आजवर राखले गेले आहे.

८. बीड आणि सुरत, १९९४ : ओळखीचा वाद

नाव सुरक्षित झाले तरी ओळखीचा प्रश्न संपत नाही, हे नऊ वर्षांनी भारतात दिसून आले. १९६६ नंतर भारतात मानवी प्लेगची निश्चित नोंद नव्हती. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. लाखो लोक शहर सोडून गेले. अनेक देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूक आणि व्यापार यांवर निर्बंध घातले. देशभरात मिळून पन्नासच्या आसपास मृत्यू नोंदले गेले.

तथापि 'हा खरोखरच प्लेग होता काय?' हा प्रश्न साथ ओसरल्यावरही दीर्घकाळ चर्चेत राहिला. रोगाचा प्रसार अपेक्षेहून मर्यादित होता. एक संपूर्ण पिढी प्लेगचा रुग्ण न पाहता वैद्यकीय व्यवसायात आली होती, आणि जंतूचे संवर्धन करून त्याची निर्विवाद ओळख पटवण्याचा सराव बहुतेक प्रयोगशाळांत उरला नव्हता. हा मेलिऑयडोसिस असावा, हंताविषाणूचा आजार असावा, अशी अन्य मते पुढे आली. यांपैकी मेलिऑयडोसिसच्या जंतूचे नावच त्या सुमारास बदलत होते, हाही एक योगायोग. 'स्यूडोमोनास' प्रजातीतील हा जंतू १९९२ मध्ये 'बर्खोल्डेरिया' या नव्या प्रजातीत नेण्यात आला होता.

या वादाचा निर्णय रेणूंच्या पातळीवर झाला. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथीतील जंतूंचे १६-एस आरएनए जनुक आणि डीएनएचे ठसे तपासले. ते जंतू येर्सिनिया पेस्टिसच होते, असे त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. येथे दोन पद्धती एकत्र वापरण्याला विशेष अर्थ आहे. कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये ज्या रायबोसोमीय आरएनएच्या आधारे सजीवसृष्टीचा नवा वंशवृक्ष मांडला, ते जनुक आज जीवाणूंच्या ओळखीचे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. परंतु प्लेगचा जंतू आणि स्यूडोट्युबरक्युलोसिसचा जंतू यांत ते जवळजवळ एकसारखे असते. जे साधन वर्गीकरणास अत्युत्तम, तेच या दोघांना वेगळे ओळखण्यास अपुरे पडते. त्यासाठी निश्चलता, युरिएज विकराचा अभाव अशा जुन्या कसोट्यांचा आणि प्लेगच्या जंतूत विशेषत्वाने आढळणाऱ्या प्लाझ्मिडांचा आधार घ्यावा लागतो.

९. जनुकसंचाच्या युगात

१९९९ मध्ये आख्टमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्लेगचा जंतू हा स्यूडोट्युबरक्युलोसिसपासून १,५०० ते २०,००० वर्षांपूर्वी उद्भवलेला एक कृंतक आहे, असा निष्कर्ष काढला. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये कांस्ययुगीन मानवी दातांतून मिळालेल्या डीएनएमुळे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी या जंतूची लागण माणसांना होत होती, हे समजले. अन्नातून पसरणारा एक सौम्य जंतू मोजकी जनुके मिळवून आणि अनेक जनुके गमावून पिसवेवाटे पसरणारा मारक जंतू बनला, असे हे चित्र आहे. १९८० मधील डीएनए संकरणाचा निष्कर्ष त्यामुळे अधिकच बळकट झाला. २०१६ मध्ये येर्सिनियाचे कुलही बदलले. आतड्याच्या जीवाणूंच्या जुन्या कुलातून काढून त्यासाठी 'येर्सिनिएसी' हे स्वतंत्र कुल करण्यात आले. इतक्या घडामोडींत 'येर्सिनिया पेस्टिस' हे नाव मात्र १९८५ च्या निर्णयानुसार अढळ राहिले आहे. धोकादायक पदार्थांच्या वाहतुकीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय यादीत, रोगनियंत्रणाच्या कायद्यांत आणि प्रयोगशाळांच्या सुरक्षा नियमांत हेच नाव आहे.

आयोगास वाटलेली भीती अनाठायी नव्हती, हे २०१४ मधील अमेरिकेतील एका घटनेने स्पष्ट होते. कोलोरॅडो राज्यात एका रुग्णाच्या रक्तातून वाढलेला जंतू स्वयंचलित यंत्राने आरंभी 'स्यूडोमोनास ल्यूटिओला' म्हणून ओळखला. प्रत्यक्षात तो प्लेगचा जंतू होता आणि त्याच साखळीत एकूण चार जणांना लागण झाल्याचे आढळले. यंत्र आपल्या संग्रहातील नोंदींशी तुलना करून निकटचे नाव सुचवते. त्या नावाची लक्षणांशी सांगड घालण्याचे काम माणसालाच करावे लागते.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी निष्पन्न होतात.

एक, वर्गीकरण, नामकरण आणि ओळखनिश्चिती ही एकाच कार्याची तीन अंगे नसून भिन्न उद्दिष्टे असलेली तीन कार्ये आहेत. हाफकिन यांच्या तुपाच्या थेंबांनी वर्गीकरणाशिवाय ओळख दिली; १६-एस जनुकाने नाते दाखवले, पण एकट्याने ओळख दिली नाही.

दोन, सूक्ष्मजीवाचे नाव हे त्याच्या वंशाचे प्रमाणपत्र नसून ते वापरणाऱ्यांमधील करार आहे. हा करार संशोधकांपुरता मर्यादित नाही. परिचारिका, आरोग्य अधिकारी, सीमाशुल्क कर्मचारी आणि ज्यांनी ते नाव कधी ऐकलेले नाही असे रुग्णही त्यात सामील असतात. १९८५ च्या अभिमताने या अनुपस्थित पक्षांचे हित ग्राह्य धरले, हे त्याचे खरे महत्त्व आहे.

तीन, विज्ञानाची प्रतिष्ठा केवळ नवे सत्य स्वीकारण्यात नसते. ते सत्य कोठे आणि कशा रीतीने नोंदवावे याच्या विवेकातही ती असते. दोन जंतू एक आहेत हे सत्य शोधनिबंधांत, वंशवृक्षांत आणि जनुकसंचांच्या संग्रहांत पूर्णपणे नोंदले गेले आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर मात्र दोन नावे आहेत, आणि ती तशीच राहणे इष्ट आहे.

चार, अध्यापनाच्या दृष्टीने पाहता, नावांचे बदल हा पाठांतराचा जाच म्हणून विद्यार्थ्यांसमोर ठेवण्याऐवजी प्रत्येक बदलामागील कारण सांगितले जावे. बॅक्टेरियम, बॅसिलस, पाश्चुरेला, येर्सिनिया ही चार नावे म्हणजे आकार, रंजन, रासायनिक गुणधर्म आणि जनुकीय नाते या क्रमाने प्रगत होत गेलेल्या विचाराचे टप्पे आहेत. पाचवे नाव, जे दिले गेले आणि नंतर मागे घेतले गेले, ते या सर्वांहून अधिक शिकवणारे आहे.